जावई उभा असताना

माझी पोटरी आयुष्यात एकदाच सलग दोन-अडीच महिने दुखली, आणि ते सगळं दुखणं खोटं होतं. खरी दुखत होती ती माझ्या सासऱ्यांची. पण हे नीट सांगायचं तर माझ्या हुशारीपासून सुरुवात करावी लागेल, आणि माझी हुशारी म्हटलं की बायको अजूनही आधी पदर तोंडाला लावते आणि मग ऐकायला बसते.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा सेलूला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. बोर धरणाचं पाणी कोणत्या चारीला कोणत्या दिवशी सोडायचं, त्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. फक्त कागद जायचे, पाणी साहेब सोडायचे. पण सासुरवाडीत समज असा की धरणाची चावी माझ्याच खिशात असते, आणि हा समज दूर करावा असं मला कधीच वाटलं नाही.

सासरे हिंगणीकडच्या एका गावात भाजीपाल्याची वाडी करायचे. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. अंगानं काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, बोलणं कमी. पहाटे वाडीत गेले की दिवेलागणीलाच घरी. असा माणूस एका हिवाळ्यात वाडीच्या अर्ध्या वाटेत थांबायला लागला. पन्नास-साठ पावलं चालले की उजवी पोटरी आवळून यायची, जणू आतून कोणी दोरी पिळतंय. थांबलं की चार मिनिटांत मोकळी. परत पन्नास पावलं, परत दोरी. घरच्यांनी वात ठरवला. तेल झालं, शेक झाला, निर्गुडीचा पाला बांधून झाला. मग पाऊल गार पडायला लागलं, तेव्हा मेहुण्यानं त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. सोबत मी. दवाखाना, कचेरी, पोलीस असं काही निघालं की नोकरीवाला जावई सोबत न्यायचा, त्याला त्यातलं काही कळो की न कळो.

डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. मग विचारलं, "विड्या किती ओढता?"

"अशाच. एकादी."

मागे उभ्या मेहुण्यानं दोन बोटं वर केली.

"दोन?" डॉक्टर म्हणाले.

"दोन कट्टे," मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि समजावून सांगितलं. पायाकडे रक्त नेणारी नळी आतून बारीक झाली आहे. विडी आजपासून बंद. या पायाला काटा नाही, ठेच नाही, खरचटणंसुद्धा नाही. कारण जखम झाली तर ती भरायला रक्त पोचणार नाही, आणि मग पाय कुठून कापायचा एवढाच प्रश्न उरेल. सासरे हे ऐकताना डॉक्टरांकडे नाही, पायाकडे बघत होते. आपल्या बैलाबद्दल कोणी वाईट बोलावं तसं.

"अन् उपाय?" मी विचारलं.

"चालणं. घरच्या घरी, सपाट जागेवर, पायात जोडा घालून. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं. दुखली की बसायचं. पूर्ण मोकळी झाली की परत उठायचं. चालायचं, बसायचं, चालायचं, बसायचं. रोज पाऊण तास, तीन महिने. त्यानं आजूबाजूच्या बारीक नळ्या मोठ्या होतात."

मी पाटबंधाऱ्याचा माणूस, पण मी नुसता मान हलवत राहिलो. सासरे मात्र पहिल्यांदाच वर बघून म्हणाले, "म्हनजे मोठी चारी गाळानं बुजली, त बाजूच्या दांडातून पानी काढाचं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि दांड रोज वाहता ठेवायचा."

वाडीत चिखल, काटे, खुंटं. घरी राहिले तर हा माणूस वाडीत गेल्याशिवाय राहणार नाही. म्हणून बायकोनं बापाला तीन महिन्यांसाठी सेलूला आमच्या घरी आणलं. विडीचं खातं तिनं स्वतःकडे घेतलं. आल्या दिवशीच कट्टा आणि काडेपेटी दोन्ही चुलीत गेले. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही हा सासऱ्यांचा जुना नेम होता. त्यामुळे दर बाजारच्या दिवशी मेहुणा वांग्यांचं पोतं आणून टाकू लागला. त्या तीन महिन्यांत आम्ही वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी, वांग्याची रस्सा भाजी आणि पाहुणे आले तर भरली वांगी खाल्ली. शेजारणी आमच्या दारावरून जाताना वेग वाढवायच्या, हाक मारून वांगी देतील म्हणून.

वांगी संपत होती. चालणं मात्र सुरूच होईना.

"काम नाई, धंदा नाई, अन् मी आंगनात येरझाऱ्या मारू?" सासरे लेकीला म्हणाले. "मी का कैदी आहो?"

"डॉक्टरनं सांगतलं ना बाबा."

"डॉक्टरले काय जाते? त्याच्या आंगनात कोनी पाहून राह्यलं काय?"

अंगणात नको तर बाहेर, असा विचार करून मी त्यांना एका संध्याकाळी रस्त्यावर काढलं. ती माझी पहिली हुशारी. आमच्याकडे हातात पिशवी नाही, खांद्यावर फावडं नाही, तरी माणूस इकडून तिकडे चालतोय, हे कोणाच्या बघण्यात नव्हतं. दुसऱ्या फेरीला समोरच्या घरातला म्हातारा म्हणाला, "काऊन हो, काही हरवलं काय?" सासरे लाजून "नाई, असंच" म्हणाले. "असंच" ऐकून त्याला नक्कीच वाटलं की काहीतरी मोठं हरवलंय. तो काठी घेऊन आला. त्याला बघून आणखी दोघं आले. "बकरी होय काय?" "काळी होती काय?" थोड्या वेळात चार-पाच जण आमच्या पुढे-मागे नालीत वाकून बघत चालले होते, आणि नसलेली बकरी नेमकी कोणत्या गल्लीत शिरली हे सांगणारा एक साक्षीदारही मिळाला. सासरे घरी आले ते खाटेवर जे बसले, ते दोन दिवस उठले नाहीत.

मग माझी दुसरी हुशारी. ही मला ठरवून सुचली नाही, सापडली.

आमच्याकडची रीत अशी की जावई उभा असताना सासऱ्यानं बसायचं नाही. जावई वयानं लेकरासारखा असो, पगारानं कारकून असो, तो देवाच्या बरोबरीचा. लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं नाही, त्याच्यासमोर कण्हायचं नाही. मी हे सगळं लग्नापासून उपभोगत आलो होतो, पण त्याचा औषधी उपयोग माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, छपरीत चहा घेतला आणि काही आठवून उठलो. समोर खाटेवरून सासरे उठले. मी अंगणात विहिरीपर्यंत गेलो. ते एक पाऊल मागे ठेवून विहिरीपर्यंत आले. मी परत छपरीपर्यंत आलो. तेही आले.

मी मुद्दाम परत विहिरीकडे वळलो. पाठीमागे जोड्याचा आवाज आला.

काय सांगू, धरणाची चावी खरोखर हातात आल्यासारखं वाटलं.

छपरी ते विहीर बत्तीस पावलं. मी रोज संध्याकाळी उठायचो आणि चालायला लागायचो. नुसतं चालणं बरं दिसत नाही म्हणून बोलायचो. बोलायला माझ्याकडे काय कमी? कोणत्या साहेबाला काय कळत नाही, कोणत्या चारीवर कोणी रात्रीतून दरवाजा वर केला, मी कसा एका अर्जावर शेरा मारला आणि सगळे कसे गप्प झाले. सासरे एक पाऊल मागे, "हो बापू", "बरोबर बापू" म्हणत चालायचे. पहिल्या दिवशी सहा चकरा. चौथ्या दिवशी वीस. आठवड्यानं मी चकरा मोजणं सोडून दिलं, कारण गोष्ट रंगात आली की आकडा चुकायचा.

बायको एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, बाबाले मधात बसू द्या. डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"दुखलं तर बसायचं," मी म्हणालो. "ते बसतात काय? नाही बसत. म्हणजे दुखत नाही. म्हणजे सुधारणा."

ऑफिसातही मी हे सांगितलं. जे डॉक्टरला तीन महिन्यांत होईल असं वाटत होतं, ते मी बारा दिवसांत केलं, असं काहीतरी. कोणीतरी चहा पाजला.

तेराव्या दिवशी मी एका कालव्याच्या भगदाडाची गोष्ट सांगत होतो. गोष्ट अशा जागी आली होती की पाणी आता बांध फोडणार. मी विहिरीपाशी हात फैलावून वळलो, तर मागे कोणी नव्हतं. सासरे धुण्याच्या दगडापाशी पडले होते. आवाज न करता पडले होते. उजव्या नडगीचं चांगलं दोन बोटं कातडं दगडाच्या कडेनं सोललं होतं, आणि ते दोन्ही हातांनी पोटरी धरून, मला बघून, उठायची धडपड करत होते.

त्यांना आम्ही उचलून खाटेवर आणलं. बायकोनं जखम धुतली. मी चहा घेऊन आत येत होतो, तेव्हा बापलेकीचं बोलणं कानावर आलं आणि मी कप घेऊन दाराच्या आडोशालाच थांबलो.

"किती दुखत होतं, बाबा?"

"तिसऱ्या चकरीपासून."

"आज?"

"रोजच."

"मंग बसले काऊन नाई?"

"जवाई उभे होते ना, बाई."

"त सांगाचं ना, दुखून राह्यलं म्हनून!"

"कोनाले? जवायाले? आधीच लेकीच्या घरी हा पाय घेऊन येऊन बसलो. त्यातनी रडगानं सांगू? अन् ते बोलून राह्यले होते. मधात तोडलं असतं त त्याइले काय वाटलं असतं?" मग ते म्हणाले, "मले घरी नेऊन सोड. असं चालनं आपल्याच्यानं होत नाई. कापाचा असन त कापू दे."

चहावर साय धरली तरी मी दारातच होतो. आत जायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला डॉक्टरांनी जखम बघितली आणि मग मला बघितलं. "मी दुखलं की बसवा म्हणालो होतो. तुम्ही परेड घेतलीत." सासऱ्यांसमोर जावयाला कोणी असं बोलावं, याचं सासऱ्यांनाच इतकं वाईट वाटलं की ते म्हणाले, "त्याइची चूक नाई डॉक्टरसाहेब, मीच पाय घसरून पडलो." डॉक्टर म्हणाले, जखम पंधरा दिवसांत सुकायला लागली तर बरं. नाही लागली तर कठीण आहे. चार दिवस आराम, मग परत चालणं, पण बसत बसत. चालणं सोडलं तर मात्र पाय हातचा जाईल.

बसमध्ये बायकोनं बापाशी करार केला. पंधरा दिवस. त्यानंतर कुठं जायचं तिथं जा. सासरे खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाले. पंधरा दिवसांत मला हा माणूस चालवून आणि बसवून दाखवायचा होता.

पाचव्या दिवशी मी हात जोडून म्हणालो, "मामाजी, पोटरी दुखली की बिनधास्त बसत जा. माझ्याकडे पाहू नका."

"हो बापू," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मग मी खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली आणि स्वतः बसलो. जावई बसला, आता अडचण नाही. "तुम्ही चाला मामाजी." तर ते समोर जमिनीवर येऊन बसले. बसलेल्या जावयासमोरून सासऱ्यानं जोडे वाजवत येरझाऱ्या घालायच्या, हे तर त्याहून अवघड. मी आत गेलो आणि खिडकीतून बघितलं. जावई समोर नाही म्हटल्यावर चालायचं कशाला, म्हणून ते खाटेवर आडवे झाले.

बायको म्हणाली, "तुम्ही चालाल तवाच ते चालन. अन् तुम्ही बसाल तवाच बसन."

"पण मी बसायचं कधी? त्यांना दुखलेलं मला कळायचं कसं?"

"बाबाले लहानपनापासून पाहून राह्यली मी. दुखाले लागलं की ते डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकते. बरं वाटलं की परत डोक्यावर."

"अन् मी भर अंगणात अचानक बसलो तर त्यांना वाटेल काय?"

"तुमची बी पोटरी दुखते म्हना," ती म्हणाली. "सोंगं त तुमाले चांगली येते."

त्या संध्याकाळी मी निघालो. अंगणात बसायच्या जागा करून ठेवल्या होत्या. छपरीत खाट, मधात पाट, विहिरीपाशी पालथं घमेलं. गोष्टी सांगणं बंद. डोळ्याच्या कोपऱ्यातून दुपट्ट्यावर नजर. तिसऱ्या चकरीला हात डोक्याकडे गेला, दुपट्टा खांद्यावर आला, आणि मी "आई गं!" म्हणून पोटरी धरून घमेल्यावर कोसळलो.

"काय झालं बापू?"

"पोटरी, मामाजी! भरून आली!"

ते तत्काळ माझ्याशेजारी खाली बसले. बसले! मी इतका खूश झालो की कण्हायचं विसरलो, मग आठवून दोनदा कण्हलो. चार मिनिटांनी दुपट्टा डोक्यावर गेला आणि माझी पोटरी मोकळी झाली. अशा सहा बैठका झाल्या. पहिल्यांदाच डॉक्टरांनी सांगितलं तसं चालणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घमेल्यावर बसलो तर सासऱ्यांनी कमरेची शिशी काढली. तिळाचं तेल. "पाय द्या इकडं," म्हणाले आणि माझी विजार गुडघ्यापर्यंत सरकवून पोटरी चोळायला लागले. मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ज्याचा पाय जाणार की राहणार ते ठरायचं आहे, तो म्हातारा माणूस माझ्या धडधाकट पोटरीला तेल लावतोय. "राहू द्या मामाजी, राहू द्या!" "असं कसं? जवायाचा पाय होय." मी बायकोकडे केविलवाणं बघितलं, तर तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं आणि आतून भांडी पडल्याचे आवाज येत होते. तिला हसताना भांडी पाडायची सवय आहे.

पंधरा दिवसांत नडगीची जखम कडेनं गुलाबी दिसायला लागली. भरत नव्हती, पण सुकत होती. बायकोनं बापाला कराराची आठवण करून दिली नाही आणि बापानंही काढली नाही. ते उलट मला म्हणाले, "तुमाले अशा हालतीत सोडून कसा जाऊ, बापू?"

हे वाक्य मेहुण्यानं ऐकलं, आणि वांग्यांच्या रिकाम्या पोत्यासोबत ते हिंगणीकडे गेलं. चौथ्या दिवशी सासूबाई आमच्या दारात. सोबत निर्गुडीचा पाला, शेकायला विटा आणि एक काठी. काठी माझ्यासाठी. छपरीत पाऊल टाकताच त्यांनी लेकीला जवळ घेतलं.

"काऊन नाई सांगतलं वं, जवायाचे पाय गेले म्हनून? एवढ्या कमी वयात! माह्या पोरीचं कसं होईन!"

बायको पदरात तोंड घालून आत पळाली. तिचे खांदे हलताना बघून सासूबाईंना वाटलं ती रडतेय, म्हणून त्याही रडायला लागल्या. सासरे गंभीरपणे म्हणाले, "रडू नको. पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारले. पहिले तीन चकरीत बसे, आता पाच चालते." खरं होतं ते. त्यांची पोटरी पाच चकरांपर्यंत टिकायला लागली होती. मी अंगणातून काठी टेकत टेकत सासूबाईंच्या पाया पडायला गेलो, तर त्या मागे सरकल्या. "वाकू नका बापू, लचकन."

ऑफिसातही हे पोचलं. शिपाई फाइली टेबलावर आणून द्यायला लागला. साहेबांनी कालव्यावरच्या फेऱ्यांतून माझं नाव काढलं. मी "तसं काही नाही" म्हणायचो, पण इतक्या बारीक आवाजात की कोणाला ऐकू जाऊ नये.

पाच चकरांच्या सात झाल्या, साताच्या बारा. उन्हाळा लागला तेव्हा नडगीवर नवी कातडी धरली होती आणि सासरे अंगणात मला मागे टाकून चालत होते. मग भान येऊन एक पाऊल मागे व्हायचे. तीन महिने झाले आणि आम्ही दोघं परत वर्ध्याला गेलो.

डॉक्टरांनी जखमेचा व्रण दाबून बघितला, पाऊल हातात घेतलं. "गरम आहे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. "किती चालता आता?"

"बरंच चालतो. पन डॉक्टरसाहेब, माह्यं राहू द्या. आमच्या जवायाचे पाय पाहा. हा मानूस शंभर पावलं धड चालू शकत नाई."

मी "नाही, मला काही..." म्हणेपर्यंत सासऱ्यांनी माझा दंड धरून मला टेबलावर निजवलं होतं. डॉक्टरांनी विजार वर केली, पावलाची नाडी बघितली, गुडघ्यामागची बघितली, पोटरी दाबली. आठवडे न् आठवडे तेल पिऊन ती नुसती चमकत होती. "यांना काय झालंय? या पायांना नांगर बांधला तरी ओढतील."

"असं काय?" सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी वाडीत जायची परवानगी दिली. जोडा घालून, काटाकुटा बघून, आणि दुखलं की बसून. मी त्यांना पोचवायला हिंगणीच्या बसनं गेलो. उतरल्यावर वाडीपर्यंत कालव्याच्या बांधावरून चांगली अर्ध्या तासाची वाट. मी सवयीनं दुपट्ट्यावर नजर ठेवून चाललो होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यांचा हात डोक्याकडे गेला. मी वाकून पोटरी धरणार, तेवढ्यात ते बांधावर सरळ खाली बसले. माझ्याआधी.

"राहू द्या बापू. आता माहीच दुखून राह्यली. तुमची नाई."

मी तसाच अर्धा वाकलेला उभा. "तुम्हाला केव्हापासून माहीत?"

"दुसऱ्याच दिवशी. पहिल्या दिवशी तुम्ही उजवी धरली, दुसऱ्या दिवशी डावी. मंग जे मनाले येईन ते."

"मग तेल कशाला लावत होते?"

"तेवढा वेळ बसाले भेटे ना."

"अन् आज डॉक्टरसमोर मला टेबलावर काऊन निजवलं?"

सासऱ्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "बारा दिवस मले तुम्ही परेड करवली होती. कालव्याचं भगदाड, अन् तो तुमचा अर्जावरचा शेरा, अन् काय काय. एक दिवस तुमाले करवली."

तेवढ्यात गावातला एक माणूस सायकलवरून आला. आम्हाला बघून त्यानं पाय टेकवला. जावई उन्हात उभा आणि सासरा बसलेला, असं दृश्य त्या बांधानं बघितलं नसावं. "काऊन हो बुढा, जवाई उभे न् तुम्ही बसले?"

मी पटकन बसणार होतो. सासऱ्यांनी हातानं थांबवलं.

"पाय दुखते माहा," ते त्याला म्हणाले, मोठ्यानं. "दुखला का बसाच लागते. मंग चालता येते. डॉक्टरनं सांगतलं."

तो माणूस माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार. सासरे चार मिनिटं बसले, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि उठले. वाडी येईपर्यंत आणखी एकदा बसले. तेव्हाही मी उभाच होतो, आणि उभं राहून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

वाडीच्या तोंडाशी त्यांनी वांग्याच्या ओळींकडे बघितलं आणि थबकले. तीन महिन्यांत मेहुण्यानं गवत माजू दिलं होतं. "हे वावर होय का कुरन होय?" असं ओरडत ते ओळीत शिरले. मेहुणा पळत आला, सासूबाई मेथीच्या वाफ्यातून पळत आल्या, गडी फावडं घेऊन आला, आणि सगळे त्यांच्या मागे ओळीओळीनं फिरायला लागले. सासरे चालत होते, थांबत होते, बांधावर टेकत होते, परत उठून शिव्या देत होते.

मी विहिरीपाशी चिंचेच्या सावलीत बसून राहिलो. लग्न झाल्यापासून त्या घरी माझे पाय धुतल्याशिवाय मला आत घेतलं नव्हतं. त्या दिवशी तासभर कोणी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी तहान लागली म्हणून मी स्वतःच दोर-बादली घेतली आणि विहिरीतून पाणी काढून प्यालो.